मोफत शाळांचे वकील : थॅडियस स्टीव्हन्स

अमेरिकेचें नांव निघालें म्हणजे आमच्या बालवाचकांस जॉर्ज वॉशिंग्टन व अब्राहाम लिंकन हीं दोन नांवें आठवतात, आणि बहुतेकांची माहिती तेथेंच संपते. यांत त्यांचा दोष नाहीं; मोठ्या वृक्षांच्या सावलींत इतर झाडें दिसेनाशीं होतात. आज आम्ही ज्या पुरुषाचें चरित्र सांगणार आहों तो अध्यक्षपदावर कधीं चढला नाहीं, सेनापति नव्हता, ग्रंथकारही नव्हता. तो एक लंगडा वकील होता. परंतु पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील गरिबांचीं मुलें श्रीमंतांच्या मुलांशेजारीं एकाच बाकावर मानानें बसूं शकलीं, याचें श्रेय ज्या थोड्या लोकांस आहे त्यांत थॅडियस स्टीव्हन्स यांचें नांव आधीं घ्यावें लागतें. शाळेच्या वार्षिकांत त्यांस जागा मिळावयाची नाहीं तर कोठें मिळावयाची ?

थॅडियसचा जन्म ता. ४ एप्रिल १७९२ रोजीं व्हरमाँट संस्थानांतील डॅनव्हिल ह्या गांवीं झाला. हा मुलूख अगदीं उत्तरेकडचा. डोंगराळ, हिवाळा कडक, जमीन खडकाळ. चार भावांत तो दुसरा. जन्मतःच त्याचा एक पाय वांकडा होता. थोरल्या भावाचे तर दोन्ही पाय तसेच होते. शारीरिक व्यंग म्हणजे आईबापांच्या पापाचें फळ, असें मानणारे लोक त्या काळीं तिकडेही थोडे नव्हते. बाप शेती करी व जोडे शिवी. पण एके दिवशीं तो संसार टाकून निघून गेला. आई सॅरा हिच्या पदरीं चार मुलगे आणि थोडीशी जमीन एवढेंच उरलें.

त्या माउलीनें ओळखलें कीं, ह्या मुलाच्या हातून नांगर चालणार नाहीं. ह्याच्या हातांत पुस्तकच दिलें पाहिजे. जवळच पीचम म्हणून गांव होतें व तेथें चांगली शाळा होती. मुलांस शिकतां यावें म्हणून १८०७ च्या सुमारास तिनें आपलें बिऱ्हाड पीचमला हलविलें आणि काबाडकष्ट करून थॅडियसला शिकविलें. आमच्या वाचकांपैकीं किती जणांच्या आयांनीं असेंच केलें असेल, तें त्यांचें त्यांस ठाऊक. थॅडियस हें ऋण जन्मभर विसरला नाहीं. शाळेंत तो मोठा शिस्तीचा होता असें मात्र कोणीं समजूं नये. नियम मोडून त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं रात्रीच्या वेळीं एक शोकनाटक करून दाखविलें, आणि मग चालकांपुढें लेखी माफी मागून सुटका करून घ्यावी लागली. पुढें डार्टमथ कॉलेजांतून १८१४ सालीं तो पदवीधर झाला.

पोटासाठीं घर सोडून तो पेनसिल्व्हेनियांतील यॉर्क गांवीं शाळामास्तर झाला. दिवसा मुलांस शिकवावें व उरल्या वेळांत कायद्याचीं पुस्तकें वाचावींत, असा त्याचा क्रम होता. तेथील वकीलमंडळींस हा परका, गरीब व तिखट जिभेचा मास्तर आवडला नसावा. त्यांनीं असा नियम केला कीं, दुसरा धंदा करीत असतां कायदा शिकलेल्यास यॉर्कमध्यें सनद मिळूं नये. स्टीव्हन्स यांनीं वाद घातला नाहीं. घोड्यावर बसून ते शेजारच्या मेरिलंड संस्थानांतील बेल एअर गांवीं गेले, तेथें परीक्षा दिली आणि सनद घेऊन परत आले. परीक्षकांस माडीरा मद्य पाजणें हा त्या परीक्षेचाच एक भाग होता असें सांगतात. ही गोष्ट परीक्षेस बसणाऱ्या मुलांनीं विसरून जावी.

१८१६ सालीं त्यांनीं गेटिसबर्ग येथें वकिलीची पाटी लावली. आरंभीं पक्षकार फिरकेनात. पुढील वर्षीं एक खुनाचा खटला, दुसरा कोणी वकील मिळेना म्हणून, त्यांच्याकडे आला. आरोपीचें डोकें ठिकाणावर नव्हतें असा बचाव त्यांनीं मांडला. त्या दिवसांत हा बचाव कोणी फारसा ऐकूनही घेत नसे. खटला ते हरले, पण त्यांचें भाषण ऐकून गांवानें ओळखलें कीं हा माणूस निराळा आहे. तेव्हांपासून कामाची वाण पडली नाहीं.

येथें एक गोष्ट लपवून ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं. चरित्रकार पुष्कळदा नायकाच्या अंगावरील डाग चुना लावून झांकतात; तसें केल्यानें नायक मोठा होत नाहीं, वाचक मात्र फसतो. पेनसिल्व्हेनियांत १७८० च्या कायद्यानें गुलामगिरी हळूहळू बंद होत आली होती, आणि बाहेरचा गुलाम ह्या संस्थानांत सहा महिने ठेवला गेला तर तो स्वतंत्र होई. चॅरिटी बटलर नांवाच्या एका स्त्रीनें ह्या आधारावर स्वतःचें व आपल्या मुलांचें स्वातंत्र्य मागितलें. ती धन्याबरोबर पेनसिल्व्हेनियांत वारंवार येऊन राहिली होती, आणि सर्व मुक्काम मिळून सहा महिने भरतात असें तिचें म्हणणें होतें. १८२१ सालीं हा दावा वरिष्ठ कोर्टापुढें आला. धन्याच्या बाजूचे वकील स्टीव्हन्स होते. सहा महिने सलग भरले पाहिजेत, तुकड्यातुकड्यांची बेरीज चालणार नाहीं, असा मुद्दा मांडून त्यांनीं तो दावा जिंकला. कायद्याचा कीस अचूक निघाला, आणि एक आई आपल्या मुलांसह गुलामगिरींत परत गेली.

ह्या विजयाविषयीं त्यांस काय वाटलें असेल, तें त्यांच्या पुढील वागणुकीवरून ताडावें लागतें. पुढील चाळीस वर्षें त्यांनीं पळून आलेल्या गुलामांचे खटले फी न घेतां चालविले, आणि त्यांच्या शत्रूंनींही ह्या बाबतींत ते डळमळले असें कधीं म्हटलें नाहीं.

राजकारणांत ते शिरले तेव्हां त्यांचा पक्ष जरा विलक्षण होता. फ्रीमेसन लोकांच्या गुप्त मंडळाचा सरकारांत व न्यायकोर्टांत वशिला चालतो, अशा समजुतीनें त्या मंडळाविरुद्ध एक पक्षच निघाला होता. त्या पक्षातर्फे स्टीव्हन्स १८३३ सालीं पेनसिल्व्हेनियाच्या प्रतिनिधिसभेंत निवडून आले. त्या पक्षाच्या झगड्यांत आज कोणास रस नाहीं, व आम्हीही त्यांत शिरत नाहीं.

आतां आम्ही ह्या चरित्राच्या मुख्य भागाकडे वळतों. पेनसिल्व्हेनियांत १८०९ पासून एक कायदा होता. ज्या आईबापांस फी देण्याची ऐपत नाहीं त्यांच्या मुलांची फी सरकारी पैशांतून भरावी, असा त्याचा आशय. वरवर पाहतां कायदा दयाळूपणाचा. पण त्याचा लाभ घ्यावयाचा म्हणजे बापानें कर आकारणाऱ्या अधिकाऱ्यापुढें आपण कंगाल आहों असें कबूल करावयाचें, आणि मुलाचें नांव कंगालांच्या यादींत चढावयाचें. आमच्याकडे ज्या वडील मंडळींनीं नादारीवर शिक्षण घेतलें त्यांस ह्या यादीचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. वर्गांत नादार मुलांचीं नांवें वाचलीं जात असतां मान खालीं घालून उभें राहण्याचा तो क्षण ज्यानें एकदां अनुभवला, तो तें विसरत नाहीं. पेनसिल्व्हेनियांतील पुष्कळ मानी आईबापांनीं नांव देण्यापेक्षां मूल घरीं ठेवणें पत्करलें.

हें बदलावें म्हणून गव्हर्नर जॉर्ज वुल्फ यांच्या कारकीर्दींत ता. १ एप्रिल १८३४ रोजीं नवा कायदा झाला. गांवोगांव शाळापट्टी बसवावी, सरकारनें आपला वांटा द्यावा, आणि गरीब-श्रीमंत असा भेद न करितां सर्वांचीं मुलें फीवांचून शिकावींत, असें त्यांत ठरलें. कायदा जवळजवळ एकमतानें झाला. पण पट्टी भरण्याची वेळ येतांच सारा रंग पालटला. कायदा पत्करावा कीं नाहीं हें प्रत्येक विभागानें ठरवावयाचें होतें. एकंदर ९८७ विभागांपैकीं जेमतेम निम्म्यांनीं तो पत्करला. ज्यांस मुलें नव्हतीं ते म्हणूं लागले कीं, दुसऱ्याच्या पोरांसाठीं आम्हीं कां पैसे मोजावे ? ज्यांनीं आपलीं मुलें पदरच्या पैशानें शिकविलीं होतीं त्यांस दुसऱ्यांदा खर्च नको होता. जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांच्या तर आपापल्या धर्ममंडळ्यांच्या शाळा होत्या. सरकारी शाळा आली म्हणजे आपली भाषा व आपले संस्कार बुडतील, अशी त्यांस भीति वाटे. ही भीति अगदींच पोकळ होती असें आम्हांस वाटत नाहीं. आपली भाषा टिकवूं पाहणाऱ्याची काळजी मराठी माणसानें तरी हंसण्यावारीं नेऊं नये. पण ह्या सर्व तक्रारींचा शेवट एकच होणार होता : नवा कायदा रद्द व्हावयाचा आणि कंगालांची यादी परत यावयाची.

पुढच्या निवडणुकींत कायद्याच्या कैवाऱ्यांपैकीं पुष्कळ पडले. नव्या सभेपुढें अर्जांचा पाऊस पडला. कायदा रद्द करा म्हणणाऱ्यांच्या सह्या सुमारें ३२,००० होत्या. तो राहूं द्या म्हणणाऱ्यांच्या सुमारें २,५००. वरिष्ठ सभेनें वारा ओळखून तो रद्द करण्याचा ठराव करून टाकला, आणि प्रकरण प्रतिनिधिसभेकडे आलें. स्टीव्हन्स यांच्या स्वतःच्या मतदारांतही विरोधक पुष्कळ होते. बाजी हातची गेली आहे, आतां उगीच डोकें आपटून घेण्यांत अर्थ नाहीं, असें त्यांच्या बाजूच्या लोकांस वाटत होतें.

ता. ११ एप्रिल १८३५ रोजीं स्टीव्हन्स ह्या विषयावर बोलावयास उठले. त्यांच्या भाषणाचा केवळ आशय आम्ही येथें देतों. त्यांचा पहिला घाव कंगालांच्या यादीवर पडला. तो जुना कायदा गरिबांच्या शिक्षणाचा नसून गरिबांच्या कपाळावर डाग देण्याचा आहे, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. ज्यास मुलें नाहींत त्यानें पट्टी कां द्यावी, ह्या प्रश्नास त्यांनीं खास वकिली उत्तर दिलें. तुम्हीं गुन्हा केला नसला तरी तुरुंगाचा व फौजदारी कोर्टाचा खर्च तुम्ही मुकाट्यानें भरतां. मग ज्या शाळेमुळें तुरुंगाचें गिऱ्हाईक कमी होईल तिला पैसे देतांना हात कां आंखडतो, असा त्यांचा सवाल होता. शिवाय जेथें लोकच राज्य चालवितात तेथें लोक अडाणी राहिले तर राज्य टिकावयाचें कसें, हेंही त्यांनीं विचारलें. निवडणुकींत पडण्याच्या भीतीनें जे मत बदलूं पाहत होते त्यांचीही त्यांनीं भीड ठेवली नाहीं. आणि ज्या वुल्फ यांच्या कारकीर्दींत हा कायदा झाला ते त्यांचे राजकीय प्रतिस्पर्धी, वर फ्रीमेसन. तरी ह्या एका कामांत वुल्फ यांचें धैर्य वाखाणण्यासारखें आहे, व पक्षाचा अभिमान गुंडाळून सर्वांनीं त्यांच्या मागें उभें राहावें, असें त्यांनीं आपल्याच पक्षाच्या लोकांस बजावलें. आम्हांस ह्या भाषणांतील हाच भाग सर्वांत अवघड वाटतो. विरुद्ध पक्षाशीं भांडणें सोपें. त्याचें बरोबर आहे असें भरसभेंत म्हणणें सोपें नाहीं.

बोलणारा माणूस कोण होता हें श्रोत्यांस ठाऊक होतें. पीचमची शाळा नसती, आणि आईनें हाडांचीं काडें केलीं नसतीं, तर हा लंगडा मुलगा चांभारकाम करीत राहिला असता. पुढें मतें मोजलीं गेलीं तेव्हां, आदल्या दिवसापर्यंत जें अशक्य वाटत होतें तें घडलें. प्रतिनिधिसभेनें कायदा रद्द करण्यास नकार दिला, आणि वरिष्ठ सभेनेंही आपला हट्ट सोडला. १८३६ सालीं कायद्यांत सुधारणा होऊन त्याचा पाया अधिक पक्का झाला. वुल्फ मात्र पुढच्याच निवडणुकींत पडले, व त्यास शाळापट्टीचा रागही कारण झाला. स्टीव्हन्स यांचें भाषण छापून घरोघर गेलें. कांहीं चाहत्यांनीं तें रेशमी कापडावर छापून त्यांस भेट दिलें. आयुष्यांत पुढें त्यांनीं याहून मोठीं दिसणारीं कामें केलीं, पण आपल्या हातून सर्वांत उपयोगी काम हेंच झालें असें ते म्हातारपणींही मानीत.

याच वृत्तीनें ते पुढें एकदां हरलेही. १८३७-३८ सालीं पेनसिल्व्हेनियाची राज्यघटना दुरुस्त करण्यासाठीं परिषद भरली. तींत मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांसच असावा असें ठरलें. कृष्णवर्णीय करदात्यांस तोंवर जो थोडाबहुत हक्क होता तोही गेला. स्टीव्हन्स त्या परिषदेचे सभासद होते. त्यांनीं त्या मसुद्यावर सही करण्याचें साफ नाकारलें.

त्याच वर्षाच्या शेवटीं एक हास्यास्पद प्रकार घडला. १८३८ च्या निवडणुकीनंतर दोन्ही पक्ष प्रतिनिधिसभेंत आपलेंच बहुमत आहे असें सांगूं लागले, आणि हॅरिसबर्ग राजधानींत मोठा जमाव लोटला. जमाव इतका खवळला कीं स्टीव्हन्स, वरिष्ठ सभेचे अध्यक्ष व संस्थानचे चिटणीस ह्या तिघांस सभागृहाच्या मागच्या खिडकींतून उड्या टाकून पळावें लागलें. पुढें गव्हर्नरानें फौज बोलाविली, पण रक्त न सांडतां प्रकरण मिटलें. ह्या भांडणांत न्याय सर्वस्वी स्टीव्हन्स यांच्या बाजूस होता असें म्हणवत नाहीं. पक्षाच्या डावपेंचांत ते इतरांइतकेच तरबेज होते, आणि त्यांच्या जिभेनें त्यांस जितके शत्रु मिळवून दिले तितके कोणासच मिळाले नसतील. जुगाराचाही त्यांस नाद होता.

वकिलीबरोबर त्यांनीं लोखंडाच्या भट्ट्यांचा धंदा केला होता. त्यांत ते बुडाले व डोक्यावर मोठें कर्ज झालें. तें फेडण्यासाठीं १८४२ सालीं, पन्नाशीस आले असतां, ते अधिक मोठ्या लँकेस्टर शहरीं गेले आणि वकिलीच्या जोरावर तें कर्ज त्यांनीं उतरविलें. ते अविवाहित होते. त्यांचें घर लिडिया हॅमिल्टन स्मिथ ह्या मिश्र वंशाच्या, हुशार व करारी बाईंनीं वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळलें. गोऱ्या समाजांत त्यावरून कुजबूज होई. स्टीव्हन्स तिकडे लक्ष देत नसत. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या घराच्या आवारांत उत्खनन झालें तेव्हां जमिनीखालीं पाण्याचें एक जुनें टांकें सांपडलें. त्यांत पळालेल्या गुलामांस लपवीत असावेत, असें संशोधकांस वाटतें.

१८५१ च्या सप्टेंबरांत लँकेस्टर जिल्ह्यांतील क्रिस्टियाना गांवीं आपले पळालेले गुलाम धरावयास आलेला एक मेरिलंडचा जमीनदार झटापटींत मारला गेला. सरकारनें ३८ जणांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला. त्यांतील कॅस्टनर हॅनवे ह्याचा खटला फिलाडेल्फियास प्रथम चालला, व त्याच्या बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होते. गुलाम धरण्यास मदत न करणें म्हणजे राष्ट्राविरुद्ध युद्ध नव्हे, हें पंचांस पटलें आणि कांहीं मिनिटांतच त्यांनीं आरोपीस निर्दोष ठरविलें. तीस वर्षांपूर्वीं ज्या वकिलानें चॅरिटी बटलरचें दार बंद केलें होतें तोच आतां तीं दारें उघडीत होता.

राष्ट्राच्या काँग्रेसमधील त्यांची कामगिरी अमेरिकेच्या इतिहासांत सविस्तर आहे. आम्ही ती थोडक्यांत सांगतों. १८६१ पासूनच्या यादवी युद्धांत सैन्यासाठीं पैसा उभा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. १८६३ सालीं शत्रूच्या सैन्यानें त्यांची लोखंडाची भट्टी मुद्दाम शोधून जाळली. लिंकन सावकाश चालतात म्हणून ते लिंकनवरही रागावत. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनें गुलामगिरी संपली, व कायद्यापुढें सर्वांस सारखें संरक्षण देणारी चौदावी दुरुस्ती १८६८ च्या जुलैंत मंजूर झाली. दोहोंच्या मागें त्यांचा नेट होता. गुलामगिरी नष्ट करण्यासाठीं झगडलेल्या अमेरिकेंतील अशाच सज्जनांस पुण्याच्या जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें, हें मराठी वाचकांस ठाऊक असेलच.

अध्यक्ष अँड्रयू जॉन्सन यांच्यावर १८६८ सालीं खटला झाला तेव्हां स्टीव्हन्स इतके खंगले होते कीं त्यांस खुर्चींत बसवून उचलून सभागृहांत नेत. एका मतानें जॉन्सन सुटले. त्याच वर्षीं ११ ऑगस्टच्या मध्यरात्रीं वॉशिंग्टन येथें स्टीव्हन्स यांचें निधन झालें. त्यांचें शव राष्ट्राच्या सभागृहाच्या घुमटाखालीं दर्शनासाठीं ठेवलें असतां भोंवतीं कृष्णवर्णीय शिपायांचा पहारा होता.

लँकेस्टरमधील मोठ्या दफनभूमींत फक्त गोऱ्यांसच जागा मिळे. म्हणून जेथें वर्णाचा भेद पाळीत नसत अशा एका लहानशा दफनभूमींत आपणांस पुरावें, असें त्यांनीं आधींच ठरवून ठेवलें होतें, व त्याचें कारण थडग्यावर कोरावयास लाविलें होतें. मृत्युपत्रांत अनाथ मुलांच्या आश्रमासाठीं ५०,००० डॉलरची तरतूद होती. त्यांतही वंशाचा किंवा वर्णाचा भेद करूं नये अशी अट होती. त्यांतून १९०५ सालीं एक उद्योगशाळा निघाली. ती पुढें वाढून तंत्रविद्येचें कॉलेज झाली व आजही लँकेस्टरमध्यें चालू आहे.

त्याच मृत्युपत्रांत आणखी एक लहानसें कलम होतें. पीचमच्या दफनभूमीस त्यांनीं ५०० डॉलर ठेविले. त्यांच्या व्याजांतून आपल्या आईचें थडगें नीट राखावें आणि दर वसंतांत त्याच्या चारी कोपऱ्यांवर गुलाबाचीं झाडें लावावींत, असें त्यांत लिहिलें होतें.